३१ मार्चची संध्याकाळ

बेंगळुरूतल्या चामराजपेटचा ए. व्ही. रोड म्हणजे पूर्वीचा अल्बर्ट व्हिक्टर रोड. आता तो आलूर वेंकटराव रोड आहे. इंग्रज राजपुत्र गेला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेणारा माणूस आला, आद्याक्षरं मात्र तीच राहिली. पाट्या बदलल्या तरी रिक्षावाल्याचं काही अडलं नाही. ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या क्वेरीत ०१-०४-२०२२ गेलं की असंच होतं. आपण १ एप्रिल म्हणतो, ती ४ जानेवारी वाचते, आणि कोणाचंच काही अडत नाही.

या भागातल्या लहान ट्रस्टांची आणि घाऊक दुकानांची पावत्यांची कामं मी करतो. आतल्या खोलीत एक जुना पीसी, त्यावर ॲक्सेसची एक फाइल, फॉर्मवर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन चौकोन आणि खाली एक बटण. बहुतेक तक्रारी या दोन चौकोनांतूनच येतात.

चौकोनातली तारीख विंडोजच्या भारतीय सेटिंगप्रमाणे दिसते, म्हणजे दिवस आधी. प्रोग्रॅम लिहिणारा ती तशीच उचलतो, दोन्ही बाजूंना हॅशची खूण लावतो आणि क्वेरीच्या वाक्यात चिकटवतो. आतलं इंजिन मात्र महिना आधी धरून वाचतं. पीसी बेंगळुरूत आहे की बोस्टनमध्ये, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दिवस १२ च्या पुढचा असेल तर तेरावा महिना नसल्यामुळे ते गुपचूप अदलाबदल करून बरोबर वाचतं. मला राग आहे तो या समजूतदारपणाचा. तिथेच अडून बसलं असतं तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. वर्षातल्या १४४ तारखा अशा दुहेरी वाचता येतात. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा निरुपद्रवी. उरल्या १३२. महिन्याच्या वीस तारखेला त्या दिवसाची तारीख टाकून प्रोग्रॅम दाखवला तर सगळं चोख चालतं आणि बिल मंजूर होतं.

इथे हे फार बोचतं, कारण रामनवमी आणि आर्थिक वर्षाची अखेर हातात हात घालून येतात. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरचा श्रीरामसेवा मंडळीचा संगीतोत्सव १९३९ पासूनचा. त्याच दिवसांत आसपासच्या लहानसहान ट्रस्टांकडेही देणग्यांची रीघ लागते. २०२३ साली रामनवमी ३० मार्चला होती. अशाच एका छोट्या ट्रस्टच्या हिशेबनिसांनी मला बोलावलं. २०२२-२३ ची जमा बँकेपेक्षा बरीच जास्त दिसत होती. “कमी असती तर विश्वस्तांनीच ओरड केली असती,” ते म्हणाले. “जास्त आहे म्हणून ऑडिटर येईपर्यंत सगळे खूश.”

‘पासून’ १ एप्रिल २०२२, ‘पर्यंत’ ३१ मार्च २०२३. पहिली तारीख उलटी वाचली गेली, दुसरी सुलटी. म्हणून ४ जानेवारी ते ३१ मार्च २०२२ या आदल्या वर्षीच्या पावत्या आत शिरल्या होत्या. तारीख चिकटवण्याआधी वर्ष-महिना-दिवस या क्रमात मांडली की दोन अर्थ उरत नाहीत. एका ओळीचं काम.

तरीही बेरीज जुळेना. आता ती कमी भरत होती.

मी ३१ मार्चच्या पावत्या काढून बघितल्या. टेबलात त्या होत्या, रिपोर्टमध्ये एकही नव्हती. ॲक्सेस तारीख आकड्यात साठवतं: ३० डिसेंबर १८९९ हा शून्य, पूर्णांक म्हणजे दिवस, अपूर्णांक म्हणजे वेळ. संध्याकाळी सहाची पावती म्हणजे त्या दिवसाचा आकडा अधिक पाऊण. ‘३१ मार्चपर्यंत’ची हद्द मात्र मध्यरात्री, दिवस उजाडण्याआधीच संपते. फील्डचा फॉरमॅट फक्त तारीख दाखवणारा असल्यामुळे ही वेळ कोणाच्या नजरेस पडत नव्हती. यावर माझा उपाय ठरलेला आहे: ‘पर्यंत’ हा शब्द फॉर्मवर राहू द्यावा, क्वेरीत मात्र ‘दुसऱ्या दिवसाच्या आधी’ असं लिहावं.

चौकोन रिकामा ठेवला तर एकही नोंद न येणं किंवा फॉर्म बंद असताना क्वेरीने तारीख विचारत बसणं, या तक्रारी मी किरकोळ समजतो. त्या निदान दिसतात तरी.

बेरीज बँकेशी जुळली. हिशेबनिसांनी नवा रिपोर्ट छापला, फाइलला लावला आणि कपाटातल्या मागच्या वर्षांच्या फायलींकडे बघितलं. “त्याही याच बटणावरून काढल्यात,” ते म्हणाले. त्यांतलं प्रत्येक वर्ष १ एप्रिललाच सुरू होत होतं.