लिलावानंतरचे तीस दिवस

लिलावाचे नाव निघाले की सभ्य गृहस्थ मान वळवतो. कान मात्र तिकडेच असतात. आम्हीही या नियमास अपवाद नव्हतो. घरपट्टीच्या साठ हजारांच्या थकबाकीपोटी विकावयाच्या एका घराचा जाहीरनामा वाचण्यात आला, आणि निवृत्तीनंतर खेड्यात राहावे हा आमचा जुना विचार एकाएकी बळावला.

चावडीपुढे लिलाव पुकारला गेला. चार लाखांची शेवटची बोली आमची ठरली व नियमाप्रमाणे चौथा हिस्सा, म्हणजे एक लाख, आम्ही जागीच भरला. घराची मालकीण, एक वृद्ध बाई, पायरीवर बसून होती. तिच्याकडे पाहण्याचे आम्ही टाळले.

घरी येऊन आम्ही १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा उघडला. (हे बोलीपूर्वी करावयाचे असते, हे प्राध्यापकास कोणी सांगावे!) त्यात आढळले ते असे: लिलाव झाला म्हणजे घर गेले असे नव्हे. तीस दिवसांत मालकाने थकबाकी व खर्च भरला आणि खरेदीदारासाठी किमतीच्या शेकडा पाच इतकी रक्कम ठेवली, तर लिलाव रद्द होतो. तोवर खरेदीदाराचा हक्क कच्चाच. विक्री कायम झाली, तरीही देणे वजा जाता उरेल ते मालकाचे.

हे शेवटचे तत्त्व वाचकांस स्वयंसिद्ध वाटेल. परंतु अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका वृद्धेचे घर दंड-व्याजासह सुमारे १५,००० डॉलरच्या करापायी ताब्यात घेऊन ४०,००० डॉलरना विकले गेले, आणि उरलेले २५,००० डॉलर तेथील कौंटीने स्वतःकडेच ठेवले. करापेक्षा अधिक घेण्याचा अधिकार सरकारास नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयास २०२३ साली एकमताने सांगावे लागले.

मग आम्ही दिवस मोजू लागलो. बाईस पैसे मिळू नयेत, असे मनात येई. ते कबूल करताना आजही संकोच वाटतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिने पैसे भरले. पुढे आम्हांस अनामत परत मिळाली व वर वीस हजार. कचेरीच्या दारात ती भेटली.

“मास्तर, तुमचं काही नुकसान तर नाही ना झालं?” तिने विचारले.

ते वीस हजार कायद्याने आमचे आहेत. अद्याप ते खर्च करणे आम्हांस जमलेले नाही.