चाल : डेर कोमिसार

ऐंशीच्या दशकात साताऱ्यात इंग्रजी गाणी ऐकायची तर राजपथावरच्या कॅसेटच्या दुकानात यादी द्यायची आणि आठवड्याने भरलेली कॅसेट आणायची. यादीतलं एखादं गाणं मिळालं नाही की दुकानदार ती जागा स्वतःच्या पसंतीने भरायचा. ‘डेर कोमिसार’ माझ्याकडे असंच न मागता आलं. गाणं इंग्रजी, पण ध्रुवपदाला पोचलं की मधेच जर्मन. वेष्टनावर बॉलपेनने खरडलेलं गाण्याचं नाव, बाकी काही नाही.

मे महिन्यात ती कॅसेट माझ्याबरोबर सांगलीला, आजोळी हरिपूरला गेली. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, हळदीची पेवं आणि गोविंद बल्लाळ देवल. देवलांचा जन्म तिथलाच, १८५५चा. आजी त्यांच्या ‘शारदा’ नाटकातली पदं अशा अधिकाराने म्हणायची, जणू तालमी आमच्याच ओसरीवर झाल्या होत्या.

एका दुपारी टेपवर हे गाणं चालू असताना मामांचे एक मित्र आले. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेले. ऐकताच म्हणाले, “हे मूळ गाणं व्हिएन्नाच्या फाल्कोचं. या इंग्लंडवाल्यांनी चाल उचलून शब्द बदललेत. चोरीच की!”

आजी तांदूळ निवडत होती. “चोरी कसली? किर्लोस्करांनी नाटकात कानडी चाली घेतल्याच ना? पण पदाच्या डोक्यावर छापलंय, चाल अमुक-अमुक. यांनी लिहिलंय का कुठं?”

मी वेष्टन पुढे केलं. तिने चष्मा लावून उलटसुलट पाहिलं. “मग चोरीच,” म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

चोर खरं तर आमचा दुकानदार आणि त्याची गिऱ्हाइकं, म्हणजे आम्हीच. चाल रॉबर्ट पाँगरची होती. फाल्कोचं गाणं १९८१च्या अखेरीस आलं आणि युरोपभर गाजलं. अमेरिकेने मात्र ते ‘आफ्टर द फायर’ या इंग्लंडातल्या बँडच्या इंग्रजी रूपातच डोक्यावर घेतलं. १९८३मध्ये ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं, तेव्हा बँड मोडलेला होता! त्याच वर्षी लॉरा ब्रॅनिगनने याच चालीवर निराळेच शब्द घालून ‘डीप इन द डार्क’ गायलं. आजीच्या नियमाने त्याच्या डोक्यावर ‘चाल : डेर कोमिसार’ छापायला हवं होतं. फाल्कोला स्वतःला अमेरिकेत पहिला क्रमांक मिळाला तो १९८६मध्ये, ‘रॉक मी अमाडेउस’ला. तेही अर्धं जर्मन, अर्धं इंग्रजी.

मूळ गाणं मी पुष्कळ उशिरा ऐकलं. फाल्को त्यात फारसा गातच नाही, नशेच्या नादी लागलेल्या पोरांची आणि पोलिसाची गोष्ट गुर्मीत बोलत सुटतो. जाणकार त्यालाच मानतात आणि त्यांचं बरोबर असावं. मला नक्कलच आवडते. तिला गाता गळा आहे, आणि ध्रुवपदातलं जर्मन तसंच ठेवल्यामुळे माल कुठून आणला तेही बँडने लपवलेलं नाही.