मतं न मोजणारी मीटिंग

भारतातून पाहुणे आले की आमची फिलाडेल्फियाची वारी ठरलेली. लिबर्टी बेल, इंडिपेंडन्स हॉल, बेंजामिन फ्रँकलिनच्या थडग्यावर एक पेनी टाकायची आणि पार्किंगचं मीटर संपायच्या आत गाडी गाठायची! गेल्या उन्हाळ्यात नानामामा आले होते. पुण्यात वीस वर्षं हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे कुठलीही इमारत दिसली की आधी गळती शोधणार. फ्रँकलिनच्या थडग्यापासून थोडं पुढे, आर्च स्ट्रीटवरच, लाल विटांची एक लांबलचक इमारत पाहून म्हणाले, "अरे, ही शाळा का रे?"

शाळा नव्हे, क्वेकर पंथाचं मीटिंग हाऊस. जागा विल्यम पेनने १७०१ साली दफनभूमी म्हणून दिलेली, इमारत १८०४ ची. आत क्रॉस नाही, चित्र नाही, प्रवचन देणारा पाद्री नाही. नुसते लाकडी बाक. लोक येऊन शांत बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, मग पुन्हा शांतता.

मामांना मी सांगितलं की यांच्या कारभाराच्या सभाही अशाच चालतात. मतदान नाही.

"मग जिंकतं कोण?"

ऑफिसातल्या एका क्वेकर मित्राबरोबर मी एकदा अशा सभेला जाऊन बसलो होतो. त्यांच्या गावातल्या मीटिंग हाऊसमागची खोली रिकामी पडली होती. पाळणाघराला भाड्याने द्यायची, की एखाद्या निर्वासित कुटुंबाला राहायला द्यायची? वरवर खोलीचा प्रश्न, पण खरा प्रश्न हा की आपण इथे जमतो कशासाठी. एक जण बोलला की मिनिटभर सगळे गप्प. समोर बसलेला क्लर्क, म्हणजे आपला अध्यक्ष आणि सचिव एकाच माणसात, स्वतःचं मत मांडत नव्हता. सभेचा कल कुठे आहे ते ओळखून तो लिहीत होता आणि तिथल्या तिथे वाचून दाखवत होता. बहुतेकांचा कल निर्वासितांकडे होता. एक वयस्कर बाई म्हणाल्या, "माझं मन अजून तयार नाही." झालं, विषय पुढच्या महिन्यावर! माझ्यातला इंजिनिअर चुळबुळत होता.

आणि ही चुळबूळ अगदीच चुकीची नव्हती. १६८८ साली इथून जवळच जर्मनटाऊनमध्ये चौघांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. मासिक सभेने तो त्रैमासिक सभेकडे ढकलला, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने बाजूला ठेवला. (आपली सरकारी फाईल आठवली ना?) पुढे न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा जॉन वूलमन वर्षानुवर्षं गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलत राहिला. पाहुणचार घेतला तर तिथल्या गुलामांना पैसे देऊन यायचा. १७५८ साली सभेने अशा घरांना भेटी द्यायला समिती नेमली. गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही, हे ठरायला १७७६ उजाडलं. अठ्ठ्याऐंशी वर्षं! तेवढ्यात किती माणसं विकली गेली असतील? बाईंच्या 'अजून तयार नाही'ला मान द्यावा हे ठीक, पण १६८८ मध्ये तयार नसलेल्यांची किंमत भलत्यांनीच मोजली.

तरीही मतदान करून काय होतं, तेही मी पाहिलंय. पूर्वी आम्ही राहत होतो त्या गावी मंडळाने स्वतःची वास्तू घ्यावी की ते पैसे मुलांच्या मराठी शाळेत घालावेत, यावर रीतसर मतदान झालं. आमची वास्तूवाली बाजू तीन मतांनी जिंकली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. पुढच्या गणपतीला शाळावाली मंडळी आलीच नाहीत. त्यांत माझा हॉस्टेलपासूनचा मित्र होता, ज्याने मला इथे गाडी चालवायला शिकवलं तो. वास्तूही झाली नाही, कारण देणगीदारांत निम्मे तेच होते.

हे मामांना बाकावर बसल्या बसल्या सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, हे त्यांच्या बाबतीत नवलच.

मग म्हणाले, "मतमोजणीच्या आधी त्या मित्राला घरी बोलावून विचारलं होतंस का रे, शाळाच का म्हणून?"

नव्हतं विचारलं. मीटर संपत आलं होतं, पण आम्ही आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.