टेबलावरचे इंजिन

साठी उलटलेल्या माणसाने खेळणे विकत घेऊ नये, असा काही नियम नाही. परंतु ते घेताना तो थोडासा ओशाळतो खरा. माझी सारी उमेद शाळेत गेली, आणि शेवटची काही वर्षे तर मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर. वर्गात खेळणी आणणाऱ्या मुलांकडून ती काढून घ्यावीत आणि टेबलाच्या खणात टाकावीत, हा त्या खुर्चीचा एक धर्मच असतो. आता त्याच हाताने मी एका खेळण्याची मागणी लिहावयास बसलो होतो. आणि तेही साधेसुधे खेळणे नव्हे, तर माप धरून घडवलेले वाफेचे इंजिन!

याला कारण माझा नातू. तो तेरा वर्षांचा आहे, आणि त्याला टेबलावर लढाया खेळण्याचा नाद आहे. दर रविवारी आमचे जेवणाचे टेबल रणभूमी होते. पुठ्ठ्याच्या टेकड्या, भुशाचे गवत, बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, अंतर मोजावयास एक टेप आणि दैव ठरवावयास दोन फासे, एवढी त्याची सामग्री. कोणी किती इंच चालावे, कोणाची गोळी कोठवर पोचावी, याचे नियम वहीत लिहिलेले असतात आणि ते मोडलेले त्याला खपत नाहीत. हा पोरखेळ आहे असे मला प्रथम वाटले; पण एच. जी. वेल्ससारख्या नामांकित लेखकाने १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचे एक पुस्तकच लिहिले होते, हे कळल्यावर माझा विरोध बराच मावळला. विद्वानांचा आधार मिळाला की आम्हा शिक्षकांना कोणतीही गोष्ट पटते.

नातवाला या खेपेस जी लढाई मांडावयाची होती, तिची गोष्ट त्याला मीच सांगितली होती. गांधीजींचे चरित्र शिकवताना मी नेहमी दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाकडे वळत असे. डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांचे आणि इंग्रजांचे ते युद्ध १८९९ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरात कोलेन्सोच्या लढाईत गांधीजींच्या पुढाकाराने उभारलेले सुमारे ११०० हिंदी लोकांचे पथक जखमींना डोल्यांतून वाहून नेत होते. पण त्याच्या एक महिना आधी, १५ नोव्हेंबर रोजी, त्याच मुलखात आणखी एक प्रसंग घडला होता. पोलादी पत्र्यांनी मढवलेली इंग्रजांची एक आगगाडी टेहळणीसाठी एस्टकोर्टहून चिव्हलीपर्यंत गेली. ती परतत असताना बोअरांनी टेकडीवरून तोफा डागल्या आणि पुढे वळणावर रुळांत धोंडे घालून ठेवले. गाडी उतारावरून वेगाने आली आणि पुढचे तीन डबे घसरले. इंजिन गाडीच्या मध्यभागी होते, म्हणून ते तेवढे रुळांवर राहिले. परंतु त्याची वाट अडली. तेव्हा एका वृत्तपत्राचा तरुण बातमीदार पुढे झाला. गोळ्यांच्या वर्षावात तासाहून अधिक वेळ तो धडपडत राहिला, इंजिनाच्या धडकांनी वाट मोकळी करवली, आणि जखमींनी भरलेले इंजिन निसटून गेले. तो स्वतः मात्र मागे राहिला आणि पकडला गेला. तो बातमीदार म्हणजे विन्स्टन चर्चिल. पुढे तो प्रिटोरियाच्या बंदिवासातून कसा पळाला, हे मी इतक्या वेळा आणि इतक्या रंगात येऊन सांगितले आहे, की तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नसे.

डबे नातवाने पुठ्ठ्याचे केले. इंजिन मात्र पुठ्ठ्याचे चालणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले. मी एका मोठ्या शहरातील दुकानास पत्र लिहिले, पैसे आगाऊ पाठवले आणि महिनाभर वाट पाहिली. पेटी उघडली तेव्हा आत सुबक, चकचकीत इंजिन होते. पण नातवाचा सैनिक शेजारी उभा केला, तर त्याचे डोके थेट इंजिनाच्या छपराला लागावयाचे! दुकानदाराने माल परत घेण्यास नकार दिला. ते इंजिन आता माझ्या पुस्तकांच्या कपाटावर उभे आहे. पाहुणे त्याची स्तुती करतात, आणि मी गप्प बसतो.

शेवटी मी कुर्डुवाडीची वाट धरली. बार्शी लाईनच्या छोट्या गाडीचा कारखाना तेथे होता. त्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले एक मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. ओसरीवरच त्यांचा लहानसा लेथ आणि कानशींची फळी. मी नातवाचा एक सैनिक त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, “मिस्त्री, याला शोभेल असे इंजिन पाहिजे.”

त्यांनी चष्मा पुसून सैनिक निरखला. पायापासून डोळ्यापर्यंत त्याची उंची मोजली. ती २८ मिलिमीटर भरली.

“म्हणजे छप्पनावा हिस्सा,” ते म्हणाले. “रूळ किती फुटांचा होता तिकडं, गुरुजी?”

“साडेतीन फुटांचा.”

“आमच्या लाईनपेक्षा फूटभर मोठा.” त्यांनी जमिनीवर खडूने आकडा मांडला. १०६७ मिलिमीटरला छपन्नाने भागले, तेव्हा उत्तर एकोणीसच्या किंचित वर आले. “एकोणीस मिलिमीटर. तयार रूळ काही मिळायचा नाही. तोही मलाच करावा लागंल. चालायचं कशावर? विजेवर?”

“चालावयाचे नाही. मुलगा ते हाताने सरकवील. एका डावात अमुक इंच, असा नियम आहे.”

मिस्त्री हसले. “मग ते इंजिन नव्हं, गुरुजी; इंजिनाची मूर्ती झाली.” पण त्यांनी काम घेतले. पुढचे तीन महिने मला दर पंधरवड्यास कुर्डुवाडीस जाण्याचे निमित्त मिळाले, आणि खरे सांगावयाचे तर त्या फेऱ्यांतच माझी या व्यवहारातील किंमत वसूल झाली. पितळेच्या नळीचा बॉयलर झाला. पत्रा उलटा धरून बोथट खिळ्याने एकेक ठोका देत त्यांनी रिव्हेटांच्या ओळी उठवल्या. एक ओळ वाकडी गेली म्हणून सबंध पत्रा बाजूला टाकला. “कुणाला दिसणार आहे?” असे मी म्हणालो. मुख्याध्यापकाच्या तोंडी न शोभणारे ते वाक्य होते. त्यांनी उत्तर दिले नाही. नवा पत्रा घेतला.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी नातवाला बरोबर घेऊन गेलो. इंजिन तयार होते. मुलगा हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरला. त्याला हात लावण्याचेही धैर्य होईना. मी साडेचार हजार रुपयांचे पाकीट पुढे केले. मिस्त्रींनी ते घेतले नाही.

“ड्रायव्हर कुठाय?” त्यांनी विचारले.

नातू गोंधळला. “ड्रायव्हर नाही लागत. नियमात इंजिन म्हणजे इंजिनच. त्याला गोळा लागला, की फासा टाकायचा.”

“अन् फायरमन?”

“तोही नाही.”

मिस्त्री माझ्याकडे वळले. “गुरुजी, तुमच्या त्या गोष्टीत इंजिन चालवीत कोण होता? नाव काय त्याचं?”

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि मला नाव आठवेना. इतकी वर्षे मी ती गोष्ट सांगत आलो. चर्चिलचे वय, त्याच्या वृत्तपत्राचे नाव, त्याने कोणत्या दिशेने पळ काढला, हे सारे मला मुखोद्गत होते. पण इंजिन कोणी चालवले, हे मी एकाही वर्गाला सांगितले नव्हते. आणि एकाही मुलाने विचारले नव्हते. विचारले असते, तर बहुधा मी त्यालाच गप्प बसवले असते.

मिस्त्री इंजिनावरून फडके फिरवीत होते. “माझा बाप याच लाईनवर फायरमन होता,” ते म्हणाले. “रात्री घरी आला, की आई आधी कंदील त्याच्या तोंडापाशी धरायची. कुठं भाजलंय का बघायची. मग ताट वाढायची.” इंजिन त्यांनी त्या दिवशी दिले नाही.

घरी येऊन मी पुस्तके काढली. ड्रायव्हरचे नाव चार्ल्स वॅग्नर; फायरमनचे अलेक्झांडर स्ट्युअर्ट. तोफगोळ्याची कपची लागून वॅग्नरच्या डोक्यातून रक्त वाहू लागले, तेव्हा तो खाली उतरून आडोशाला धावला. आपण सैनिक नाही, रेल्वेचे नोकर आहोत. गोळे खाऊन मरण्याचा पगार आपल्याला मिळत नाही, असे तो संतापाने म्हणाला. त्यात खोटे काय होते? चर्चिलने त्याची समजूत घातली, की एकाच माणसाला एका दिवसात दोनदा लागत नसते. असल्या आश्वासनावर कोणी विश्वास ठेवावा! पण वॅग्नरने तोंडावरचे रक्त पुसले आणि तो पुन्हा इंजिनावर चढला. त्या दोघांना अल्बर्ट पदक मिळाले ते १९१० साली, चर्चिल इंग्लंडचा गृहमंत्री झाल्यावर; म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.

नातवाने दोन सैनिक निवडले. त्यांच्या बंदुका कानशीने घासून काढल्या, एकाच्या हाती तारेचे फावडे दिले आणि दुसऱ्याच्या कपाळावर लाल रंगाचा एक बारीक ठिपका ठेवला. वहीतला नियमही त्याने बदलला: ड्रायव्हरला लागले, तर एक फासा टाकावा, चार, पाच किंवा सहा पडले, तर तो इंजिनावर परत चढतो, एरवी नाही.

त्या रविवारी मिस्त्री स्वतः इंजिन घेऊन आमच्या घरी आले. रूळ मांडले, वळणावर खडे ठेवले, डबे घसरले. बोअरांच्या तोफेने नेम साधला. नातवाने ड्रायव्हरला खाली उतरवून रुळांच्या कडेला ठेवले आणि फासा टाकला.

दोन पडले.

“हे धरायचं नाही,” तो घाईने म्हणाला. “आजोबा, खरा वॅग्नर परत गेला होता ना? मग?” त्याचा हात फाशाकडे गेला. इतिहास त्याच्या बाजूचा होता, आणि मी मान हलवणारच होतो.

“राहू दे, बाळ,” मिस्त्री म्हणाले. “ह्याला घरी जायचं असंल.”

मुलाने हात मागे घेतला. बराच वेळ तो त्या कपाळावरच्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिला. मग उठला आणि कोलेन्सोच्या लढाईसाठी रंगवून ठेवलेल्या पेटीतून हिंदी पथकाचे दोन डोलीवाले काढून आणून त्याने ते रुळांच्या कडेला, वॅग्नरच्या जवळ उभे केले. तारखेच्या हिशेबाने ते एक महिना आधीच आले होते. मी काही बोललो नाही.