गाव सांगतं, पण छापलंय कुठे?

मराठी विकिपीडियावर नवी पानं तपासताना एकदा एका तालुक्याच्या गावातल्या धर्मशाळेचं पान समोर आलं. लिहिणारे तिथलेच निवृत्त मास्तर. पहिलंच वाक्य : ‘ही धर्मशाळा अहिल्याबाई होळकरांनी बांधली.’ मी फोन लावला. “सर, हे कशावरून?” “अहो, सगळं गाव सांगतं!”

आपल्याकडे लेणं दिसलं की ते पांडवांचं आणि धर्मशाळा दिसली की ती अहिल्याबाईंची. नाशिकची ‘पांडवलेणी’ बौद्ध भिक्षूंसाठी कोरली, हे तिथले शिलालेखच सांगतात. नाव मात्र सुटलं नाही.

ही खोड आपल्यापुरतीच नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या कड्याला टेकून ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ ही जुनी मद्यशाळा उभी आहे. भिंतीवर ठळक आकडा ११८९. आजची इमारत मात्र त्यानंतर काही शतकांनी बांधलेली. तरीही तिच्यावर विकिपीडियावर लेख आहे आणि तो असायलाच हवा. कारण तिच्या वयाच्या वादावर तिऱ्हाइतांनी भरपूर लिहून ठेवलंय. दावा खोटा ठरला तरी लेख टिकतो, तो असा.

विकिपीडियावर आम्ही या कसोटीला उल्लेखनीयता म्हणतो. वास्तू किती जुनी, गावाला किती प्रिय, हे नंतर. आधी एवढंच बघायचं, की तिच्याशी देणंघेणं नसलेल्या कुणी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? गॅझेटिअरमध्ये ‘येथे एक धर्मशाळा आहे’ एवढी ओळ असेल, तर तेवढ्यावर लेख उभा राहत नाही. विश्वस्तांनी काढलेली स्मरणिका ही घरचीच साक्ष. राज्य संरक्षित स्मारकाची अधिसूचना असेल, तर बाजू भक्कम होते.

या कसोटीवर पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा घ्या. ती गाडगेबाबांची. पुढे त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तिची इमारत कशीही असो, तिच्यावर स्वतंत्र लेख हवाच.

मास्तरांच्या धर्मशाळेच्या दारावर एक शिळा होती, चुन्याच्या थरांनी बुजलेली. ओलं फडकं फिरवून, ऊन तिरपं असताना फोटो काढा, असं मी सुचवलं. फोटोत अक्षरं उठली : शके, आकडा आणि कुणा सावकाराचं नाव. शकात ७८ मिळवले. अहिल्याबाई १७९५ साली गेल्या. शिळेवरचं साल त्याच्या बरंच पुढचं निघालं.

मास्तर हिरमुसले, मग म्हणाले, “निदान सावकाराचं तरी लिहा.” तेही मला करता येईना. शिळा आम्ही दोघांनी वाचली, हा कोशाला पुरावा होत नाही. ते वाचन आधी छापून यावं लागतं. स्वतंत्र पान काढून टाकलं. गॅझेटिअरच्या ओळीच्या आधारे गावाच्या पानात एक वाक्य ठेवलं, अहिल्याबाईंशिवाय.

म्हणून वाचकहो, आपल्या गावची धर्मशाळा कोशात यावी असं वाटत असेल, तर सुरुवात कोशापासून करू नका. शिळेचा ठसा घ्या, देणग्यांच्या आणि शिध्याच्या वह्या वाळवीच्या आधी गाठा, जाणकाराला दाखवा आणि इतिहासाच्या एखाद्या नियतकालिकात छापून आणा. मग पान लिहायला मी आहेच.