गाण्याची भाषा: एम-ए-आर की ए-एच-आर?

एमपी३ फाईल म्हणजे नुसतं गाणं नसतं. तिच्या पोटात एक छोटीशी चिठ्ठी असते. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल वगैरे. तिला आयडी३ टॅग म्हणतात. प्लेअरच्या स्क्रीनवर सरकत जाणारं नाव येतं ते तिथूनच. आपण कोडवाले लोक या प्रकाराला मेटाडेटा म्हणतो आणि विसरून जातो. मी मात्र गेले तीन वीकेंड या चिठ्ठीतच अडकलोय.

तर झालं असं की धुळ्याहून मावशीने सात कॅसेट पाठवल्या. नव्वदच्या दशकात मामाने टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून आजीची आणि गल्लीतल्या बायकांची गाणी भरून घेतली होती. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींची झोक्यावरची गाणी, श्रावणातल्या कानबाईची गाणी, हळदीची गाणी. आजी जाऊन आता अकरा वर्षं झाली. तिच्या आवाजाची दुसरी कॉपी कुठेही नाही.

सामान साधंच. एक जुना डेक, एक केबल, लॅपटॉपवर ऑडॅसिटी. गाणी सुटी करायला शांतता शोधून तुकडे पाडणारी स्क्रिप्ट वापरता येते, पण ती स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगला ठीक. आमच्या कॅसेटवर दोन गाण्यांच्या मधे शांतता नाहीच! मधे हसणं आहे, पोरांना रागावणं आहे, कुणीतरी चहाचं विचारतंय. म्हणून हातानेच कापलं. एकूण त्रेचाळीस गाणी निघाली.

आता टॅग. मूळ आयडी३ आलं १९९६ मध्ये. फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाईट, त्यातले ३० गाण्याच्या नावाला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, तीन बाईट खातं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'कानबाईचं गाणं' एवढंसुद्धा बसत नाही. संगीतप्रकाराला एक बाईट आणि ८० प्रकारांची तयार यादी. त्या यादीत पोल्का आहे. ओवी नाही, भजन नाही, कव्वाली नाही. 'लोकगीत' म्हणावं असा 'फोक' हा प्रकारसुद्धा पहिल्या ८० त नव्हता, तो मागाहून विनॅम्पवाल्यांनी वाढवला. विनॅम्प आठवतोय ना मंडळी? :)

पुढच्या आवृत्त्यांत जागेचा प्रश्न सुटला. युनिकोड आलं, आणि टीएलएएन नावाचा एक रकाना आला: गाण्याची भाषा. मी पायथनची म्यूटाजेन लायब्ररी घेतली, छोटा लूप लिहिला आणि मावशीला व्हिडिओ कॉल लावला. ती एकेक गाणं ऐकून सांगणार, मी भरणार. कुणी म्हटलं, कुठल्या गावचं, कधी म्हणतात. सगळं झकास चाललं होतं.

"भाषा मराठी टाकतो," मी म्हटलं.

"मराठी कसाले लिखस रे भाऊ? आपली अहिरानी शे ती."

बरोबरच होतं तिचं. म्हटलं टाकू अहिराणी, त्यात काय. पण या रकान्यात हवं ते नाव लिहायचं नसतं, आयएसओ ६३९-२ या यादीतला तीन अक्षरी कोडच टाकायचा असतो. यादी १९९८ ची. तिच्यात मराठी आहे, एम-ए-आर. कोकणी आहे, भोजपुरी, मैथिली, अवधी आहेत. अहिराणी नाही. पुढे २००७ मध्ये आयएसओ ६३९-३ ही मोठी यादी आली, तिच्यात अहिराणीला ए-एच-आर आणि खान्देशीला के-एच-एन असे कोड मिळाले. वेबपेजवर ए-एच-आर आज रीतसर चालतो. पण आयडी३ ची शेवटची मोठी आवृत्ती २००० सालची, तिला ही यादी माहीतच नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याने त्या वेळी हाताशी असलेली यादी घेतली, बस्स. आपणही ड्रॉपडाऊन असेच भरतो.

तुम्ही म्हणाल, टाक एम-ए-आर आणि मोकळा हो. प्लेअर हा रकाना कुठे फारसा वाचतात! मलाही तेच वाटलं असतं, पण त्याच आठवड्यात मी ही गाणी एका स्पीच-टू-टेक्स्ट मॉडेलला देऊन बघितली होती. भाषांच्या यादीत अहिराणी नव्हती, म्हणून मराठी निवडली. आलेला मजकूर बघून दचकलो. गचाळ असता तर हरकत नव्हती. पण तो चक्क छान वाचता येत होता. आजी जिथे 'शे' म्हणते तिथे 'आहे'. 'मना' जिथे आहे तिथे 'माझा'. आमच्याकडे बऱ्याच शब्दांत ळ चा य होतो, केळीची केयी होते, धुळ्याचं धुये. तो प्रत्येक य मॉडेलने परत ळ केला. आजीचं शुद्धलेखन तपासून दिलं म्हणा ना!

अहिराणी न कळणाऱ्या माणसाला यात काहीच खटकणार नाही. तो हाच मजकूर जपून ठेवेल. उद्या अशाच मजकुरावर पुढचं मॉडेल शिकेल आणि 'शे' आणखी दुर्मिळ होईल. लेबल चुकलं की फाईल चुकीच्या फोल्डरमध्ये जाते, एवढंच मी आजवर समजत होतो. इथे लेबलमुळे आतला ऐवजच बदलला.

बोली की भाषा या वादात मला पडायचं नाही. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशीला मराठीसोबत नाही, भिल्ल भाषांसोबत बसवलं. जनगणना ती वेगळी मोजते. आणि ते आकडे फार मजेशीर आहेत. १९९१ मध्ये खान्देशी मातृभाषा असणारे सुमारे ९ लाख ७४ हजार, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट पोरं काही झाली नाहीत, आणि पुढच्या दहात दोन लाख माणसं मुकीही झाली नाहीत. दारात आलेल्या माणसाला आपण भाषेचं नाव काय सांगतो आणि तो कागदावर काय लिहितो, त्यावर बराच खेळ आहे. पुढची जनगणना २०२७ ची. आमच्या पुण्यातल्या घरी 'मराठी'च सांगितलं जाईल, कारण माझी मुलगी मराठीच बोलते. धुळ्यात मावशी काय सांगेल ते वर आलंच आहे.

बाबांकडचे आम्ही जळगावच्या पुढचे. तिथली बोली अहिराणीपेक्षा वेगळी, लेवा. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांची कविता याच बोलीतली. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत आणि घरातली मुलं वहीत उतरवून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. वहीत उतरवताना सोपानदेवांनी 'मानूस'चा 'माणूस' केला असता, तर शाळेत आपण नक्की काय वाचलं असतं?

आणि अहिराणी म्हणजे मरायला टेकलेली म्हातारी, असंही समजू नका. 'हाई झुमकावाली पोर' यूट्यूबवरून निघालं आणि खान्देशाबाहेरच्या वरातीतही वाजलं. नाचणाऱ्यांनी भाषेचा कोड विचारला नाही. पण त्या गाण्यामागे माणसं आहेत, चॅनल आहेत, कोट्यवधी व्ह्यूज आहेत. आजीच्या त्रेचाळीस गाण्यांमागे एक मावशी आहे, वय एकाहत्तर.

तर शेवटी काय केलं? टीएलएएनमध्ये सरळ ए-एच-आर टाकलं. स्पेसिफिकेशनला धरून नाही, माहीत आहे. म्यूटाजेनने तक्रार केली नाही, माझ्याकडच्या चारही प्लेअरमध्ये गाणी वाजली. मॉडेलचा मजकूर पुसून टाकला. त्याऐवजी मावशी सांगते तसं अक्षर न् अक्षर मी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये टाइप करतोय, एका कॉलला दोन गाणी. यूटीएफ-८, ना डेटाबेस ना ॲप. एकोणीस झाली, चोवीस राहिली. या गतीने बारा रविवार.

तुमच्याही घरच्या माळ्यावर एखादी कॅसेट असेल. ती डिजिटल करून देणारी दुकानं सापडतील. पण तिच्यावर काय भरलंय, ते कुणाचं आणि कुठल्या बोलीतलं, हे सांगणारं माणूस घरातच शोधावं लागेल. आधी त्याला फोन लावा, केबल नंतर घ्या.