वाट बदलण्याची जागा

राजगड–तोरणा–रायगड या पायी भटकंतीत वाट बदलता येईल अशा ठळक जागा तीनच आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याकडे निघालं की मधे एक डांबरी रस्ता आडवा येतो, ही पहिली. दुसरी तोरण्यावर. तिथून वेल्ह्यात उतरलं की एसटी मिळते आणि रात्रीपर्यंत पुण्यात घरी. तिसरी मोहरी, घाटमाथ्याच्या अगदी काठावरचं गाव. मोहरीनंतर नाळेत, म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या घळीत, पाऊल टाकलं की कोकणात उतरेपर्यंत बेत बदलायला जागा नाही. असते ती फक्त माघार, आणि उतरलेली नाळ पाठीवर सॅक घेऊन पुन्हा चढणं म्हणजे काय, ते चढलेल्यालाच विचारावं.

नवख्या मंडळींना घेऊन निघतो तेव्हा मी आधी या तीन जागा नकाशावर दाखवतो. किल्ल्यांचा इतिहास नंतर. पाणी कुठे आणि मुक्काम कुठे हे सगळेच विचारतात, पण ‘नको म्हणायचं झालं तर कुठे म्हणायचं’ हे सहसा कुणी विचारत नाही. वाट बदलावी की नाही हा प्रश्न आम्ही फार उशिरा काढतो, असं माझं मत आहे. अडचण समोर उभी राहिली की काढतो. तेव्हा पाय थकलेले असतात, पाणी तळाला गेलेलं असतं, उजेड कलायला लागलेला असतो, आणि अशा डोक्याने माणूस एक तर हट्टाने पुढे जातो नाही तर घाबरून भलत्याच घळीत शिरतो.

मोहरीहून कोकणात उतरायला ट्रेकर लोकांची लाडकी वाट बोराट्याच्या नाळेची. रायलिंगच्या पठाराला खेटून ती खाली कोसळते. सगळी धोंड्यांनी भरलेली. अर्ध्यावर नाळ सोडून कड्याला बिलगत आडवी मारायची, की लिंगाण्याच्या खिंडीत पोचतो. या आडव्या टप्प्यावर पायाखाली घसारा आणि एका बाजूला दरी, त्यामुळे वाट अवघड. पण लिंगाण्याचा सुळका इतक्या जवळून अंगावर येतो की तिचा मोह सुटत नाही. दुसरी सिंगापूरची नाळ. सिंगापूर गावाजवळून ती दापोलीत उतरते. ही दापोली महाडकडची. समुद्राच्या ओढीने कुणी निघू नये. वाट सोपी, गावकऱ्यांच्या पायाखालची आणि रायगडाला जाणाऱ्यासाठी वळशाची. फोटोंच्या दृष्टीनेही गरीब.

एका नोव्हेंबरअखेरीला आमचा बेत बोराट्याचा होता. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात मुक्काम झाला आणि रात्री अवकाळी पावसाची चांगली सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी भट्टीकडे उतरताना आमच्यातल्या एकाचा गुडघा कुरकुरायला लागला. ही एवढीशी गोष्ट, पण त्याचा चढ ठीक होता आणि उतारावर तो काठीवर भार टाकत होता. पुढचं सगळं काम तर उताराचंच होतं. मोहरीला पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. ज्या घरी ओसरीवर पथाऱ्या टाकल्या, तिथल्या मामांना नाळेचं विचारलं. ते म्हणाले, “काल वर पानी झालंय. बोराट्यात धोंडं सुटत्यात. घाई हाय का तुमास्नी?”

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. मामांनी ‘जाऊ नका’ म्हटलं नाही. डोंगरातली माणसं सहसा तसं म्हणत नाहीत, पाहुण्याच्या हौसेला नाट लावत नाहीत. म्हणून ‘वाट आहे का?’ असं कधी विचारू नये. उत्तर ‘हाय की’ असंच येतं, आणि ते खरंही असतं. ‘तुम्ही शेवटचे कधी गेलात?’ असं विचारावं. ‘पाच-सहा वर्षं झाली’ असं उत्तर आलं तर वाट मोडली आहे असं धरून चालावं. कारवी आणि गवत पावसाळ्यागणिक वाट गिळतात. मामांची माणसं कोकणात सोयरिकीला सिंगापूरनेच उतरत होती, आदल्याच आठवड्यात कुणी जाऊनही आलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर नकाशा पसरला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. याचा सरळ अर्थ असा की पंधरा मीटरचा कातळटप्पा, म्हणजे चार-पाच मजली इमारत, त्या दोन रेषांच्या मधे निवांत लपून बसू शकतो. नकाशावर ‘इथून उतरता येईलसं दिसतंय’ म्हणून बेत बदलणाऱ्यांनी ही गोष्ट पाठ करावी. वेळेच्या हिशोबाचंही तसंच. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. उताराचा वेगळा वेळ त्यात नाहीच. नेस्मिथसाहेब सह्याद्रीतली नाळ उतरले असते तर आडाखा बदलून गेले असते. इथे उताराला चढापेक्षा जास्त वेळ लागतो. एका वेळी एकाने उतरायचं, दगड सुटला तर ओरडायचं, खालच्याने आडोसा धरायचा, मगच दुसऱ्याने पाऊल टाकायचं. माणसं वाढली की वेळ नुसता बेरजेने वाढत नाही.

मग मतं विचारली. यात माझी एक खोड आहे, ती सांगतो. मी मतदान घेत नाही, आणि सगळ्यात आधी सगळ्यात नवख्याला विचारतो. जुन्या खोडांनी आधी तोंड उघडलं की नवा माणूस मान डोलावतो. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक फुकट’ या लाजेपायी दुखणी लपतात. त्या रात्री गुडघेवाल्याने “मी उतरेन हो” असंच सांगितलं. पण नव्या मुलीने मात्र सरळ म्हटलं की आडव्या टप्प्याची तिला भीती वाटते. तिच्या तोंडून हे निघाल्यावर आणखी दोघांना आपलीही भीती आठवली.

सिंगापूरने जायचं ठरलं. एकजण चिडला. या लिंगाण्यासाठीच तो सुट्टी जमवून आला होता. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. कोरडा दिवस, तेवढाच तरबेज गट असता तर बेत न बदलणं हेच शहाणपण ठरलं असतं. कारण वाट बदलणंही फुकट नसतं. बोराट्याचा अभ्यास आम्ही महिनाभर केला होता; आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’पासून मित्रांच्या टिपणांपर्यंत सगळं वाचलं होतं. सिंगापूरची माहिती जुजबी होती. बदललेल्या वाटेवर आपण निम्म्या तयारीने चालतो. म्हणून बदलायचंच तर जास्त वापरातल्या वाटेकडे बदलावं, आणि जवळच्या दिसणाऱ्या वाटेकडे बहुधा बदलू नये. धारेवरून खाली छान ठळक पाऊलवाट दिसते, ‘हीच जात असणार गावात’ म्हणून लोक घुसतात, आणि ती निघते ढोरवाट. ती गवतापाशी संपते. पुढे कडा.

पहाटे उठून मी चिडलेल्या गड्याला रायलिंगच्या पठारावर नेऊन आणलं. लिंगाणा समोर, त्यामागे रायगड. त्याचा राग थोडा निवळला, पुरता नाही. नाळ उतरायला आम्हाला नेहमीपेक्षा वेळ लागला, गुडघा दुपारनंतर चांगलाच बोलू लागला आणि रायगडवाडी गाठेपर्यंत अंधार झाला. बोराट्यात काय झालं असतं? बहुधा काहीच नाही. बेत बदलून आपण वाचलो असं ठासून सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. न घडलेल्या अपघाताचा पुरावा कुणाकडेच नसतो. निर्णय त्या रात्री हाताशी होतं तेवढ्यावर तोलायचा: ओली नाळ, एक गुडघा, एक धडधडीत भीती, आणि पर्यायाला रोजच्या वापरातली वाट. एवढं वजन मला पुरेसं वाटलं, आजही वाटतं.

एक गोष्ट मात्र न विसरता करा. मोहरीतून निघण्याआधी कोणत्या नाळेने उतरताय ते गावात एका माणसाला सांगा, आणि रेंज मिळेल तिथून घरीही कळवा. बेत बदलला तरी घरच्यांच्या हातात जुनाच कागद असतो. सह्याद्रीत कुणी हरवलं तर शोधायला येणारी बरीचशी मंडळी आपल्यासारखीच हौशी भटकी असतात, कामधंदा टाकून आलेली. त्यांना दोन नाळा धुंडाळायला लावू नका.